डॉक्टर हू : जुने भाग संथ, की नव्यांना धीर नाही?

तिरकीट

मंडळी, 'डॉक्टर हू'बद्दल इथे अधूनमधून एखादी ओळ पडते आणि दुसऱ्याच विषयाच्या गर्दीत हरवते, म्हणून वेगळा धागा काढतोय. माझ्यासारखे बहुतेक जण या मालिकेत २००५ नंतरच्या दाराने शिरले. एक्लस्टन, टेनंट, मॅट स्मिथ, कपाल्डी, असे एकेक डॉक्टर. ते संपल्यावर मी मागे वळलो आणि सध्या १९६३ ते १९८९ या काळात मुक्काम ठोकून आहे.

ज्यांनी काहीच पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २३ नोव्हेंबर १९६३ला, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, बीबीसीवर पहिला भाग लागला. डॉक्टर म्हणवणारा एक परग्रहवासी, निळ्या पोलिसपेटीसारखं दिसणारं 'टार्डिस' नावाचं कालयान, बरोबर एक-दोन माणसं. मरायला टेकला की तो शरीर बदलतो, म्हणजे नट बदलतो आणि मालिका चालू राहते. १९८९ला बंद पडली, १९९६ला एक टीव्हीपट आला, आणि २००५ला पुन्हा सुरू झाली.

आता मुद्दा. जुने भाग संथ आहेत हे सगळेच म्हणतात. संथ आहेतच. पण मला मोठा फरक वेगाचा वाटत नाही. जुन्या मालिकेत गोष्ट त्या जागेची असते. टार्डिस कुठेतरी उतरते, आणि ती जागा काय आहे, तिथे कोण कोणावर राज्य करतंय, काय बिघडलंय, हे उलगडण्यात सगळा वेळ जातो. डॉक्टर त्यात आपल्या डोळ्यांच्या जागी असतो. नव्या मालिकेत गोष्ट डॉक्टरची असते. जागा कुठलीही असो, शेवटी त्याचं दुःख, त्याचा अपराधीपणा, त्याचं एकटेपण यावर गाडी येऊन थांबते.

'जेनेसिस ऑफ द डालेक्स' (१९७५) घ्या. डालेक म्हणजे यंत्रकवचात राहणारे डॉक्टरचे कट्टर शत्रू. टॉम बेकर, सहा भाग. कालेड आणि थाल यांचं युद्ध इतकी शतकं चाललंय की खंदकातल्या एकाच सैनिकाच्या अंगावर वेगवेगळ्या युगांतली शस्त्रं आहेत. नवी बनवायची ऐपत उरलेली नाही. हे आपल्याला कोणी भाषण देऊन सांगत नाही, आपण ते खंदक बघत राहतो. डालेक कसे जन्मतात हे कळायला आधी तो समाज कळावा लागतो, आणि त्यासाठी जवळजवळ पाच भाग जातात. मग डॉक्टरच्या हातात दोन तारा येतात. जोडल्या की डालेक जन्मतात ती खोली उडेल. एक अख्खी जात जन्माआधीच मारायचा मला हक्क आहे का, असं तो विचारतो, आणि तो प्रश्न जड वाटतो कारण आपण पाच भाग तिथे राहून आलेलो असतो.

आता २००५चा 'डालेक' घ्या. अमेरिकेत युटामध्ये, जमिनीखालच्या एका अब्जाधीशाच्या संग्रहात, साखळदंडाने बांधलेला एकच डालेक. ४५ मिनिटं. अप्रतिम भाग आहे, वाद नाही. पण तो कशाबद्दल आहे? डॉक्टर त्या डालेकवर इतका पिसाळतो की तो डालेकच त्याला सुनावतो, तू उत्तम डालेक झाला असतास. म्हणजे भाग डॉक्टरबद्दलच.

आणखी एक गंमत. डॉक्टर ज्या लोकांतला आहे त्यांना 'टाइम लॉर्ड' म्हणतात हे प्रेक्षकांना पहिल्यांदा कळलं १९६९ साली. सहा वर्षं तो नुसता एक म्हातारा भटक्या होता आणि कोणाचं काही अडलं नाही. नव्या मालिकेत पहिल्याच मोसमात तो 'शेवटचा टाइम लॉर्ड' असतो आणि आपण त्याच्यासाठी हळहळत असतो.

तुमचं काय मत? 'टेनंटच सर्वश्रेष्ठ' या दोन शब्दांपलीकडे लिहिलंत तर मजा येईल.

दुपारची झोप

टेनंटच सर्वश्रेष्ठ.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.)

कावळ्याची शाळा

तिरकीट, धागा छान, पण तुम्ही एका बाजूचंच ताट वाढलंय.

जागा महत्त्वाची, मान्य. पण डॉक्टरबरोबर फिरणाऱ्या माणसांचं काय? जुन्या मालिकेत त्यांचं जे व्हायचं ते बघून संताप येतो. डोडो आठवते? १९६६ची 'द वॉर मशीन्स'. गोष्टीच्या मध्यावरच तिला गावाकडे विश्रांतीला पाठवतात आणि शेवटी दुसरेच दोघं येऊन निरोप देतात की ती आता परत येणार नाही. इतके महिने जिच्याबरोबर फिरलो, तिचा निरोप समारंभ एका वाक्यात. लीला ही सुऱ्याने भांडणारी लढवय्यी बाई, तिला १९७८ला जाता जाता एका पहारेकऱ्याशी लग्न लावून डॉक्टरच्या ग्रहावर, गॅलिफ्रेवर ठेवून दिली. आधीच्या भागांत त्या दोघांमध्ये काही चाललंय असं भिंग लावून शोधलं तरी सापडत नाही.

उलट २००५ची रोझ. दुकानात काम करणारी मुलगी, पण तिला घर आहे, जॅकीसारखी बडबडी आई आहे, मागे राहिलेला मिकी आहे. ती वर्षभर गायब होते तर आई पोलिसांकडे जाते, भिंतीवर तिचा फोटो लावून शोधत फिरते आणि डॉक्टर परत आल्यावर त्याच्या थोबाडीत मारते. जुन्या मालिकेत एवढी माणसं उचलून नेली, कोणाच्या आईने डॉक्टरला जाब विचारला का?

डोना नोबल तर माझा जीव आहे. २००८ला तिची डॉक्टरबद्दलची सगळी स्मृती पुसली जाते आणि ती पुन्हा पहिल्यासारखी फोनवर गप्पा मारत बसते, तेव्हा मी रडले होते आणि त्याची मला अजिबात लाज नाही. तुमच्या त्या खंदकांनी कोणाला रडवलंय?

अपवाद दोन. पहिल्या मोसमातली बार्बरा ही इतिहासाची शिक्षिका, आणि सत्तरच्या दशकातली सारा जेन ही पत्रकार. पण सारा जेनलाही खरा न्याय २००६च्या 'स्कूल रियुनियन'मध्ये मिळाला. मला का सोडून गेलास, हे तीस वर्षांनी विचारण्याची संधी तिला नव्या मालिकेने दिली.

खवट

काशाताई, रडवणं हा निकष धरला तर आपल्याकडच्या संध्याकाळच्या मालिका जगात पहिल्या येतील.

गंमत सोडा. मी काही वर्षं व्हिडिओ टेपवर काम केलेला माणूस आहे, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो. जुने भाग तसे का दिसतात हे कळल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही.

१९६३ची मालिका लंडनच्या लाइम ग्रोव्ह नावाच्या जुनाट, अडचणीच्या स्टुडिओत व्हायची. आठवडाभर तालीम आणि मग एका संध्याकाळी जवळजवळ सलग रेकॉर्डिंग. टेप कापून जोडणं तेव्हा कटकटीचं आणि महागाचं, त्यामुळे नट अडखळला तरी पुढे रेटायचं. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल शब्द चुकतो, सावरतो, तसंच दिसतं. 'द वेब प्लॅनेट'मध्ये (१९६५) मुंगीच्या पोशाखातला एक नट सरळ कॅमेऱ्यावर आदळतो आणि तो धक्का आजही त्या भागात आहे. हे बघताना सिनेमाशी तुलना करू नका, नाटकाशी करा. हलणाऱ्या पडद्यावरून आपण नाटकाला कधी नावं ठेवली?

दुसरं, जतन. टेप महाग, म्हणून बीबीसीने प्रक्षेपण झाल्यावर टेपा पुसून पुन्हा वापरल्या. साठच्या दशकातल्या मूळ टेपा पार गेल्या. जे उरलंय ते परदेशी वाहिन्यांना विकायला काढलेल्या फिल्म-प्रतींमुळे. आजही नव्वदहून जास्त भाग बेपत्ता आहेत. आवाज मात्र सगळ्या भागांचा आहे, कारण काही पोरांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो टिपून ठेवला होता. २०१३ला नायजेरियातल्या जोस शहरात एका प्रक्षेपण केंद्राच्या अडगळीत नऊ हरवलेले भाग सापडले.

जाता जाता, नारळीकर केंब्रिजला ज्या फ्रेड हॉईल यांच्याकडे शिकत होते, त्याच हॉईल यांनी १९६१ साली बीबीसीसाठी जॉन एलियट यांच्यासोबत 'ए फॉर अँड्रोमेडा' ही विज्ञानमालिका लिहिली होती. तिचेही बहुतेक भाग असेच गेले.

तिसरं ऐका, हे मला फार आवडतं. सत्तरच्या सुरुवातीचे काही रंगीत भाग फक्त कृष्णधवल फिल्मवर उरले होते. पण त्या फिल्म काढताना रंगाचा संकेत गाळायचा राहून गेला होता, त्यामुळे चित्रावर बारीक ठिपक्यांची जाळी उमटली होती. वर्षानुवर्षं लोक त्याला खराबी समजत. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की हे ठिपके म्हणजे रंगाचीच माहिती आहे. संगणकाने ती वाचून रंग परत मिळवले. 'द माइंड ऑफ ईव्हिल'चे (१९७१) बहुतेक भाग असेच रंगीत झालेत. पहिल्या भागात ते ठिपकेच नव्हते, तो हाताने रंगवावा लागला.

बोरकूट

नवखा प्रश्न. जुनं चांगलं वाटतं याचं कारण वाईट जुनं विसरलं जातं, असं नसेल का? आपल्या जुन्या गाण्यांसारखं? आणि हे भाग बघायचे कुठे?

लेस्टरकर

बोरकूट, मी इकडे इंग्लंडात असल्याने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला सोपं आहे. नोव्हेंबर २०२३ला मालिकेला ६० वर्षं झाली तेव्हा बीबीसीने आयप्लेयर या आपल्या ऑनलाइन सेवेवर जुने-नवे मिळून आठशेहून अधिक भाग एकदम टाकले. त्यात १९६३ची अगदी पहिली गोष्ट मात्र नव्हती, लेखकाच्या वारसाशी हक्कांवरून फिसकटलं म्हणून. भारतात ही सोय नाही. डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे संच आहेत, महाग आहेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मजेशीर आहे. वाईट विसरलं जातं हे खरं, पण साठच्या दशकाबाबत चाळण कोणी चांगलं-वाईट बघून लावलेली नाही. एखादी प्रत आफ्रिकेत पडून राहिली म्हणून उरली. सगळ्यांनी डोक्यावर घेतलेली 'मार्को पोलो' (१९६४) सातच्या सात भाग गायब, आणि खवटकाकांच्या त्या मुंग्या सहाही भाग शाबूत!

जोसला सापडलेल्यांत 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' होती. १९६७-६८ची, सहा भागांची. त्याआधी तिचा एकटा तिसरा भाग उपलब्ध होता, आणि तो बघून लोक म्हणायचे कंटाळवाणी गोष्ट आहे. पूर्ण सापडली तर दिसलं की भन्नाट आहे. पॅट्रिक ट्राउटनचा डबल रोल, एकीकडे डॉक्टर आणि दुसरीकडे सालामँडर नावाचा हुकूमशहा, आणि उत्तरार्धात अशी कलाटणी की मी सोफ्यावर सरसावून बसलो. मधला एक तुकडा बघून संथ ठरवलेली गोष्ट ही.

आमच्या घरी अजून एक प्रकार होतो. इथले माझ्या वयाचे ब्रिटिश सहकारी जुन्या भागांबद्दल बोलायला लागले की शनिवारची संध्याकाळ, आजीचं घर, सोफ्यामागे लपणं, सगळं निघतं. त्यांना मालिका आठवते की बालपण, सांगता येत नाही. आपण मराठी लोक मोठेपणी, कोऱ्या मनाने बघतोय. तिरकीटच्या मताला मी म्हणून जास्त किंमत देतो.

तिरकीट

धन्यवाद लेस्टरकर. कावळ्याची शाळा, डोडोबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. लीलाबद्दलही. माणसं वाऱ्यावर सोडायची जुन्या मालिकेची सवय मला पटत नाही आणि तिची वकिली मी करणार नाही.

पण एक हिशोब मांडतो. १९६३-६४च्या पहिल्या मोसमात ४२ भाग होते, प्रत्येकी २५ मिनिटांचे. जवळजवळ वर्षभर दर शनिवारी. २००५ला १३ झाले, ४५ मिनिटांचे. २०१८ला १०. आणि गटवा डॉक्टर असतानाच्या (२०२४ आणि २०२५) दोन्ही मोसमांत आठ-आठ, नाताळचा विशेष भाग वेगळा.

४२ भाग असले की एखादी गोष्ट फसली तरी बिघडत नाही, पुढच्या महिन्यात दुसरी असते. म्हणून मुंग्यांचा ग्रह करून बघायची हिंमत होते. तिसऱ्या मोसमात तर बारा भागांची एक डालेक-कथा केली त्यांनी! आठच भाग असले की प्रत्येक भाग सोहळा व्हावा लागतो. पहिल्यात ओळख, दुसऱ्यात भूतकाळ, शेवटच्या दोनांत विश्वाचा अंत. उरले चार. २०२४ला त्या चारांत '७३ यार्ड्स' आणि 'डॉट अँड बबल' असे दोन धाडसी भाग निघाले याचं मला नवल वाटतं. पण २०२५ला शेवट आला तेव्हा सगळं इतकं घाईत गुंडाळलं की गटवाचा डॉक्टर कोण होता हे नीट कळायच्या आत तो गेला आणि रोझची नटी बिली पायपर हसत उभी राहिली. त्यानंतर बीबीसीबरोबर पैसा लावणाऱ्या डिस्नेने हात काढून घेतला.

सोनिक स्क्रूड्रायव्हर, म्हणजे डॉक्टरचं आवाजाच्या लहरींवर चालणारं अवजार, त्याचंही तेच. १९८२ला निर्मात्यांनी ते मुद्दाम मोडून टाकलं, कारण प्रत्येक बंद दार त्याने उघडायला लागलं की लेखक आळशी होतात. नव्या मालिकेत ते दार उघडतं, संगणक वाचतं, आजार ओळखतं. ४५ मिनिटांत गोष्ट संपवायची तर दारापाशी अडकून कसं चालेल?

उंबरठा

मी इतिहास शिकवते, त्यामुळे माझी आवड ठरलेली: ज्या भागांत टार्डिस भूतकाळात उतरते ते. या एका प्रकारात जुनं आणि नवं समोरासमोर ठेवता येतं.

सुरुवातीच्या वर्षांत निखळ ऐतिहासिक गोष्टी असायच्या. राक्षस नाही, परग्रहवासी नाही, फक्त डॉक्टर, त्याचे तीन सोबती आणि तो काळ. 'द अ‍ॅझटेक्स' (१९६४) चार भागांची आहे आणि सुदैवाने पूर्ण आहे. बार्बराला तिथले लोक देवतेचा अवतार समजतात. ती ठरवते की आता हाती सत्ता आहे तर नरबळी थांबवायचा, म्हणजे हा समाज स्पॅनिश येण्याआधीच सुधारेल. डॉक्टर तिला बजावतो की इतिहासाची एक ओळसुद्धा बदलता येणार नाही. ती ऐकत नाही, आणि हरते. तिचं ऐकून बदलतो तो एकच माणूस, आणि त्याचंच सगळं हातातून जातं. तिच्याविरुद्ध उभा राहिलेला पुजारी त्याच्या परीने प्रामाणिक आहे, तो त्याचा धर्मच पाळतोय. मुलांसाठीच्या शनिवारच्या कार्यक्रमात १९६४ साली हे दाखवलं. १९६७ नंतर ही जात जवळपास संपलीच.

आता नवं. 'डीमन्स ऑफ द पंजाब', ११ नोव्हेंबर २०१८, लेखक विनय पटेल. डॉक्टरबरोबर फिरणारी यास्मिन ही शेफील्डची पाकिस्तानी कुटुंबातली मुलगी. आजीच्या तरुणपणात डोकावायला म्हणून ती ऑगस्ट १९४७मध्ये जाते आणि बघते तर आजी उंब्रीनचं लग्न प्रेम नावाच्या हिंदू मुलाशी होतंय, जो तिचा आजोबा नाही. परग्रहवासी आहेत, भेसूर दिसतात, सगळ्यांना वाटतं हेच मारेकरी. ते मारेकरी नसतात. जे एकटे मरतात, ज्यांची कोणी दखल घेत नाही, त्यांच्या शेवटच्या क्षणी साक्षीला उभं राहण्याचं काम त्यांनी स्वीकारलेलं असतं. मारेकरी घरातच असतो, प्रेमचा धाकटा भाऊ मनीष. आणि डॉक्टरला (इथे ती बाई आहे, जोडी व्हिटेकर) काहीही करता येत नाही. प्रेमला वाचवलं तर यास्मिन जन्मणारच नाही. ती पाठ फिरवून चालायला लागते, मागून गोळीचा आवाज येतो.

तिरकीट, तुमचं 'जागेची गोष्ट' इथे नव्या मालिकेत लागू पडतं की नाही सांगा. चित्रीकरण स्पेनमध्ये झालंय, शेतं आणि उजेड पंजाबचा वाटत नाही, ते मला खटकलं. घरातल्या माणसांची बोलणी मात्र खरी आहेत. फाळणी आपल्याकडे प्रत्यक्ष फारशी घडली नाही, तिचे लोक घडून गेल्यावर आले. उल्हासनगरच्या छावण्यांत वाढलेल्यांना विचारा. माझ्या वर्गात मी हा भाग दाखवला, दोन मुलांनी घरी जाऊन आजोबांना कराचीबद्दल पहिल्यांदा प्रश्न विचारले. दुसऱ्या कुठल्या विज्ञानमालिकेने हे केलंय?

आणि या मालिकेत भारताचा धागा २०१८ला आलेला नाही. १९६३चा पहिला भाग दिग्दर्शित करणारा वारिस हुसेन लखनौमध्ये जन्मलेला, तेव्हा २४ वर्षांचा. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, तीही तिशीच्या आतली. बीबीसीच्या नाट्यविभागात तेव्हा दुसरी बाई निर्मातीच्या खुर्चीत नव्हती. या दोघांच्या हाती ते देऊन वरचे लोक मोकळे झाले होते. 'मार्को पोलो'चे बहुतेक भागही हुसेन यांचेच.

दुपारची झोप

उंबरठाताई, तुमच्या वर्गात प्रवेश चालू आहेत का? वाचनखूण साठवली.

तिरकीट

उंबरठा, लागू पडतं, पूर्णपणे. त्या भागात डॉक्टरचं दुःख मध्ये येत नाही, म्हणूनच तो मोसमातला सर्वोत्तम भाग आहे. व्हिटेकरच्या डॉक्टरला लोक फार नावं ठेवतात, पण लग्न लावून देताना तिचं ते छोटं भाषण कपाल्डीच्या गर्जनांइतकंच लक्षात राहतं.

कावळ्याची शाळा

'कपाल्डीच्या गर्जना' वगैरे म्हणायचं काम नाही. 'हेवन सेंट' (२०१५) बघितलाय ना? एकटा माणूस, एक किल्ला, मागे सरपटत येणारी बुरखेवाली आकृती, आणि हिऱ्याहून कठीण भिंत. साडेचार अब्ज वर्षं तो ती भिंत मुठीने फोडतो, दर खेपेस मरतो आणि पुन्हा पहिल्यापासून. ती जागा कशी चालते हे उलगडणं हीच गोष्ट आहे, आणि तरी ती संपूर्णपणे डॉक्टरच्या दुःखाची गोष्ट आहे. म्हणजे तुमचे दोन कप्पे एकाच भागात एकत्र बसतात. 'मिडनाइट' (२००८) तसाच. बंद गाडीत अडकलेले प्रवासी, राक्षस शेवटपर्यंत दिसत नाही, आणि डॉक्टरचं नेहमीचं हुशार बोलणं त्याच्याच अंगाशी येतं. प्रवासी म्हणतात, तू कोण आम्हाला शिकवणारा?

तुमचा मुद्दा जिथे खरोखर लागू पडतो ती जागा मी सांगते: २०२०चा 'टाइमलेस चाइल्ड' प्रकार. डॉक्टर मुळात टाइम लॉर्ड नव्हतीच, तिच्यापासूनच त्यांना शरीर बदलण्याची शक्ती मिळाली, हार्टनेलच्या आधीही तिचे कितीतरी जन्म झाले होते. हे सगळं डॉक्टरचा जुना शत्रू मास्टर उभा राहून सांगतो आणि डॉक्टर ऐकते. ज्याच्याबद्दल आपल्याला काही ठाऊक नव्हतं म्हणून कुतूहल होतं, त्याला विश्वातला सगळ्यात खास जीव करून टाकलं. पहिला डॉक्टर नुसता पळून आलेला म्हातारा होता, तो मला जास्त आवडतो.

खवट

तो खड्डा जुन्यांनीच खणून ठेवला होता. १९७६च्या 'द ब्रेन ऑफ मॉर्बियस'मध्ये मनोयुद्ध चालू असताना पडद्यावर हार्टनेलच्याही मागचे चेहरे दिसतात. निर्मितीतल्याच लोकांनी पोशाख चढवून काढलेले फोटो ते. चव्वेचाळीस वर्षं पंखे डोकं खाजवत होते, २०२०चा मुख्य लेखक चिब्नलने उत्तर दिलं. उत्तर आवडलं नाही ही गोष्ट वेगळी. मलाही नाही आवडलं.

एका बाबतीत मात्र मी पूर्ण जुन्यांच्या बाजूचा: आवाज. शीर्षकसंगीत रॉन ग्रेनरचं, पण ते प्रत्यक्षात घडवलं डेलिया डर्बिशरने, बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये. सिंथेसायझर बाजारात यायच्या आधी. एकेक सूर वेगळा टेपवर घ्यायचा, त्याचा वेग कमीजास्त करून पट्टी साधायची, तेवढा तुकडा ब्लेडने कापायचा आणि पुढच्याला चिकटवायचा. अख्खी धून अशी बांधलेली. ऐकून ग्रेनर इतका थक्क झाला की श्रेयात तिचंही नाव घाला म्हणाला, पण बीबीसीच्या नियमात ते बसेना. पडद्यावर तिचं नाव आलं २०१३च्या पन्नाशीच्या विशेष भागात, तोवर ती जाऊन बारा वर्षं झाली होती. टार्डिसचा तो घरघर आवाज ब्रायन हॉजसनने जुन्या पियानोच्या तारेवर घराची किल्ली घासून काढला. तो आजही तोच आहे.

२००५नंतर मरे गोल्डचा ऑर्केस्ट्रा आला. चाली सुंदर आहेत, माझ्या फोनवरही आहेत. पण एकही प्रसंग मोकळा सोडत नाहीत. आता घाबरा, आता रडा, आता टाळ्या, सगळं व्हायोलिन सांगतं. १९७२च्या 'द सी डेव्हिल्स'चं संगीत ऐका, माल्कम क्लार्कचं. कर्कश, विचित्र, काही ठिकाणी कान दुखतात. पण पाण्यातून ते प्राणी वर येतात तेव्हा आपल्याला काय वाटायला हवं हे ते अजिबात सांगत नाही.

लेस्टरकर

खवटकाकांना अनुमोदन, फक्त 'डूम्सडे'चा (२००६) शेवट सोडून. तिथे गोल्डला माफ आहे.

एक भर घालतो. जुन्यात जे सहन होत नाही तेही लिहायला हवं. 'द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग' (१९७७) संवादांसाठी आणि वातावरणासाठी अव्वल गणली जाते. पण त्यात मुख्य चिनी जादूगार म्हणजे डोळे चिकटवलेला गोरा नट, आणि चिनी लोकांबद्दलचे उद्गार ऐकवत नाहीत. माझ्या मुलीबरोबर मी ती बघायला बसलो नाही.

बोरकूट

बरं, मग मी सुरुवात कुठून करू? मला यादी नको, दोन-तीन नावं द्या. आणि पुतण्या दहा वर्षांचा आहे, तोही बसेल बरोबर.

तिरकीट

पुतण्या आहे तर 'सिटी ऑफ डेथ' (१९७९). चार भाग, पॅरिस, मोनालिसाच्या एकाहून जास्त प्रती, आणि संवाद इतके खुसखुशीत की संथपणा जाणवणार नाही. डग्लस अ‍ॅडम्सचा हात आहे त्यात, नाव टोपण. इंग्लंडात तेव्हा समोरची वाहिनी संपामुळे बंद होती, म्हणून शेवटचा भाग एक कोटी साठ लाखांहून अधिक लोकांनी पाहिला.

मग 'द केव्हज ऑफ अँड्रोझानी' (१९८४), पण ती तुम्ही एकट्याने बघा, काळीकुट्ट आहे. डेव्हिसनचा डॉक्टर पहिल्याच भागात विषारी जाळ्याला हात लावतो आणि तिथून त्याला जग वाचवायचं नसतं, फक्त बरोबरच्या पेरीला औषध मिळवून द्यायचं असतं. बाकी सगळे व्यापारी, सैनिक आणि तस्कर एकमेकांना मारण्यात गुंतलेले. त्यात एक गुहेतला राक्षस आहे, अगदीच रबरी, त्याकडे काणाडोळा करा. दिग्दर्शक ग्रॅम हार्पर, ज्याला नव्या मालिकेनेही पुढे बोलावलं. जुनं आणि नवं दोन्हीकडे दिग्दर्शन केलेला हा एकच माणूस, आणि अँड्रोझानीचा वेग बघितलात तर त्याला का बोलावलं ते कळेल.

एक अट. चारही भाग सलग बघू नका. जुने भाग बहुतेक आठवड्याला एक (अँड्रोझानीच्या वेळी दोन) असे बघण्यासाठी लिहिलेत. प्रत्येक भाग संकटाच्या टोकावर तुटतो आणि पुढच्याची सुरुवात तेच टोक पुन्हा दाखवते. सलग बघितलं की पुनरावृत्ती बोचते आणि आपण म्हणतो संथ आहे. रोज एक, जेवण झाल्यावर, २५ मिनिटं.

कावळ्याची शाळा

आणि पुतण्याला 'ब्लिंक' (२००७) दाखवा. डॉक्टर जेमतेम काही मिनिटं आहे त्यात, तिरकीटांचा आक्षेप आपोआप मिटतो. फक्त रात्री दाखवू नका.

बोरकूट

पहिला भाग झाला 'सिटी ऑफ डेथ'चा. पुतण्या म्हणतोय लगेच दुसरा लाव. त्याला आठवड्याला एक हा प्रकार समजावणं माझ्या हाताबाहेरचं आहे, रोज एकवर तडजोड झाली. त्या सरदाराने चेहरा सोलून काढला आणि आत एक डोळा निघाला, तिथे भाग तुटला. मुखवटा शिवणकामाचा आहे हे त्यानेच मला दाखवलं, आणि घाबरलाही तोच.

खवट

उद्याचा भाग झाला की त्याला विचारा, मोनालिसा खरी कुठली ते. आमच्याकडे त्यावर दोन दिवस भांडण चाललं होतं.